गुडघा टेकणारा बंडखोर

आपल्या भाषेत गुडघे टेकणे म्हणजे हार खाणे. शत्रूपुढे गुडघे टेकले, सावकारापुढे टेकले, असे आपण म्हणतो, आणि त्या म्हणण्यात टेकणाऱ्याविषयी थोडी कीव असते. १ सप्टेंबर २०१६ रोजी अमेरिकेतील सॅन डिएगो शहरी एका खेळाडूने हजारो प्रेक्षकांदेखत एक गुडघा टेकला. त्याला मात्र कोणी शरणागत म्हटले नाही. बंडखोर म्हटले, देशद्रोही म्हटले, आणि काही महिन्यांतच त्याचा रोजगार गेला. ही हकीकत आज सांगावयाची आहे. आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. आमची शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर व लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात झाले. तेव्हा या हकीकतीकडे आम्ही कामगाराच्या नजरेने पाहणार, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

त्या खेळाडूचे नाव कॉलिन कॅपर्निक. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात त्या खेळात, नाव सोडल्यास, आपल्या फुटबॉलसारखे फारसे काही नाही. तेथे लांबट चेंडू हाती घेऊन पळावयाचे असते आणि समोरच्याला अंगावर घ्यावयाचे असते. कॅपर्निक हा सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाचा मोहरा. २०१३ साली त्याने संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले होते. २०१६ च्या जुलैत लुइझियाना आणि मिनेसोटा या राज्यांत दोन काळे पुरुष पोलिसांच्या गोळीने मेले. त्यांतला मिनेसोटातला फिलँडो कॅस्टिल शाळेच्या भोजनगृहात कामाला होता आणि टीमस्टर्स युनियनचा सभासद होता. वर्तमानपत्रांनी ही गोष्ट ओझरती सांगितली. आम्हाला ती विसरवत नाही. पुढच्याच महिन्यात कॅपर्निक राष्ट्रगीताच्या वेळी बाकावर बसून राहू लागला. ज्या देशात काळ्या माणसांवर जुलूम होतो त्याच्या ध्वजासाठी अभिमानाने उभे राहणे आपल्याला जमणार नाही, असे त्याने विचारणाऱ्याला सांगितले. नेट बॉयर नावाचा एक माजी सैनिक त्याला भेटला. बसणे बरे दिसत नाही, त्यापेक्षा एक गुडघा टेक, सैनिक आपल्या पडलेल्या सोबत्याच्या थडग्यापाशी तसेच करतात, असे त्याने सुचविले. कॅपर्निकने ते मानले. सॅन डिएगोच्या त्या सामन्याची रात्र नेमकी सैन्याच्या सन्मानासाठी राखलेली होती. जी मुद्रा एका सैनिकाने आदराची म्हणून शिकविली, तिच्यावर त्या रात्री प्रेक्षकांनी हुर्यो केली.

खेळाडूला कामगार म्हटले की लोक हसतात. कोट्यवधी डॉलर मिळविणारा हा कसला कामगार? पण मजुरीचा आकडा मोठा झाला म्हणून नाते बदलत नाही. त्याला मालक आहे, करार आहे, दंडाची नियमावली आहे, अंग मोडले की घरी धाडण्याची सोय आहे. मैदान ही त्याची कामाची जागा. मग आमच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की कामाच्या जागी राष्ट्रगीत आले कोठून, आणि कोणी आणले?

अमेरिकेत बँकेत काम सुरू होण्यापूर्वी राष्ट्रगीत होत नाही, मोटारीच्या कारखान्यात होत नाही, नाटकगृहात होत नाही. खेळाच्या मैदानावर होते. आज जे तेथील राष्ट्रगीत आहे त्याचे शब्द १८१४ चे. पण कायद्याने ते राष्ट्रगीत ठरले १९३१ साली. त्याआधी १९१८ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असता, शिकागोतील बेसबॉलच्या एका मोठ्या सामन्यात वाद्यवृंदाने ते मध्येच वाजविले आणि लोक उठून गाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात तो रोजचा परिपाठ झाला. युद्ध संपले, १९४५ साली फुटबॉल लीगच्या प्रमुखांनी ही प्रथा पुढेही चालवावी असे फर्माविले. असे असूनही रात्रीच्या मोठ्या प्रक्षेपित सामन्यांत खेळाडू गीताच्या वेळी कपडे बदलण्याच्या खोलीतच असत. त्यांना सर्रास मैदानावर रांगेत उभे करू लागले ते २००९ पासून. म्हणजे ज्या परंपरेचा भंग केला म्हणून कॅपर्निकवर आग पाखडण्यात आली, ती परंपरा अवघी सात वर्षांची होती.

यात पैशाचाही भाग आहे. २०१५ साली ॲरिझोनाचे दोन सिनेटर, मॅकेन आणि फ्लेक, यांनी एक अहवाल काढला. दोघेही रिपब्लिकन पक्षाचे. मॅकेन तर व्हिएतनाममध्ये पाच वर्षांहून अधिक काळ युद्धकैदी होते, तेव्हा त्यांच्या देशभक्तीविषयी कोणाला शंका घेता येणार नाही. अहवालात उघड झाले ते असे: मैदानावर भला मोठा ध्वज पसरणे, सैनिकांना पुढे बोलावून त्यांचा गौरव करणे, असले अनेक सोहळे संघांनी फुकट केलेले नव्हते, संरक्षण खात्याने त्यांचे पैसे मोजले होते. अशा कराराची रक्कम चार वर्षांत सुमारे ६८ लाख डॉलर भरली. पुढच्या वर्षी फुटबॉल लीगने सरकारला ७ लाख २३ हजार डॉलर परत केले. प्रेक्षक डोळे पुसत होते आणि मागे बिल फाडले जात होते. आम्ही ध्वजाचा अनादर करीत नाही. उभ्या आयुष्यात केला नाही. परंतु मालकाने विकलेल्या सोहळ्यात मजुराने न बोलता उभे राहावे, आणि त्यालाच देशभक्ती म्हणावे, हा हिशेब आम्हाला पटत नाही.

आता कायद्याचे पाहू. १९४० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ध्वजवंदन न करणाऱ्या मुलांना शाळेतून काढता येते असा निकाल दिला होता. ही मुले 'जेहोवाज विटनेसेस' पंथाची. ईश्वराखेरीज कोणालाही वंदन करावयाचे नाही अशी त्यांची श्रद्धा. त्या निकालानंतर ठिकठिकाणी या पंथाच्या लोकांना जमावांनी मारहाण केली. तीनच वर्षांनी, १४ जून १९४३ रोजी, त्याच न्यायालयाने आपला निकाल फिरविला. तो दिवस अमेरिकेत ध्वजदिन म्हणून पाळतात आणि देश तेव्हा महायुद्धात गळ्यापर्यंत बुडालेला होता. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिले त्याचा आशय असा, की देशप्रेमाच्या बाबतीत काय योग्य हे कोणताही अधिकारी ठरवून देऊ शकत नाही आणि ते कोणाच्या तोंडून सक्तीने वदवूनही घेऊ शकत नाही. त्याच पंथाच्या तीन भावंडांना आपल्याकडे केरळात १९८५ साली शाळेतून काढले होते. ती राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. १९८६ च्या ऑगस्टात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घ्यावयास लावले.

मग शाळकरी पोरांना जे स्वातंत्र्य मिळाले ते कमावत्या गड्याला का मिळू नये? येथेच सारी मेख आहे. अमेरिकेच्या घटनेतील भाषणस्वातंत्र्याचे कलम सरकारचा हात धरते, मालकाचा धरत नाही. शाळा सरकारी, म्हणून मुले वाचली. संघ खाजगी मालकाचा. तेथे ते कलम फाटकाबाहेर ताटकळत उभे राहते. सरकारी नोकरालाही हा हात लवकर लाभला नाही. १८९२ साली मॅसॅच्युसेट्समधील एका पोलिसाला राजकारणात भाग घेतला म्हणून काढले, तेव्हा होम्स नावाच्या नामांकित न्यायाधीशांनी सांगितले की या गृहस्थाला राजकारण बोलण्याचा घटनेने दिलेला हक्क असेल, पण पोलीस असण्याचा नाही. हे वाक्य अमेरिकेतील मालकवर्गाला पाऊणशे वर्षे पुरले. १९६८ च्या जूनमध्ये इलिनॉय राज्यातील एका शिक्षकाच्या खटल्यात ते सरकारी नोकरांपुरते सैल झाले. त्या शिक्षकाचा अपराध काय, तर शाळामंडळ अभ्यासापेक्षा खेळांवर पैसा उधळते असे पत्र त्याने वर्तमानपत्रात लिहिले होते! खाजगी नोकरांची स्थिती मात्र जवळपास होती तीच राहिली. कनेक्टिकट, कॅलिफोर्निया अशा थोड्या राज्यांनी काही आडोसा केला आहे. एरवी तेथे मालकाला कारण न देताही माणूस काढता येतो.

कॅपर्निकच्या वीस वर्षे आधी डेन्व्हरच्या बास्केटबॉल संघात महमूद अब्दुल रऊफ नावाचा खेळाडू होता. तो मूळचा ख्रिस जॅक्सन. पुढे त्याने इस्लाम स्वीकारला. ध्वज हे जुलमाचे प्रतीक आहे असे म्हणून तो राष्ट्रगीताला उभा राहीनासा झाला. १२ मार्च १९९६ रोजी लीगने त्याला निलंबित केले. सर्वांनी उभे राहिले पाहिजे असा नियमावलीत नियमच होता. एका सामन्याचे ३१,७०७ डॉलर बुडाले. खेळाडूंची संघटना त्याच्या पाठीशी होती, पण दोनच दिवसांत तडजोड निघाली: त्याने उभे राहावे आणि डोळे मिटून, मान खाली घालून प्रार्थना करावी. तो कामावर परतला. मोसम संपताच त्याला दुसऱ्या संघाकडे देऊन टाकण्यात आले आणि काही वर्षांत तो त्या लीगमधून बाहेर पडला.

ही तडजोड वाचली तेव्हा आम्हाला आमची एक गोष्ट आठवली, आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १९९९ साली एका इंजिनिअरिंग कारखान्यात पगारकराराची बोलणी अडली होती. कामगारांनी महिनाभर दंडावर काळ्या फिती लावाव्यात असे ठरले. २६ जानेवारीला आवारात झेंडावंदन झाले. बहुतेकांनी त्या दिवशी फिती काढल्या होत्या. लेथवरच्या एकाने काढली नाही. तो ताठ उभा राहिला, त्याने सलामी दिली, राष्ट्रगीत म्हटले. दुसऱ्या दिवशी त्याच्या हाती आरोपपत्र आले: राष्ट्रध्वजाचा अपमान आणि शिस्तभंग. निलंबन झाले, अर्ध्या पगाराचा निर्वाहभत्ता सुरू झाला, चौकशी बसली. त्याच्या बाजूने बोलावयास आम्हीच होतो. झेंड्याविरुद्ध त्याने काही केले नव्हते आणि चौकशीत ते टिकलेही नसते. पण करार सहीला आला होता आणि साहेबांनी सुचविले की माफीनामा आला तर प्रकरण मिटेल. आम्ही तो माफीनामा स्वतःच्या हाताने लिहिला आणि त्याला सही करावयास लावली. करार झाला, पगार वाढले, गुलाल उधळला. तो गडी त्यानंतर निवृत्त होईपर्यंत एकाही गेट मीटिंगला आला नाही. वर्गणी मात्र दर महिन्याला देत असे.

मेक्सिको सिटीतील १९६८ च्या ऑलिंपिकची कथा पुष्कळांना ठाऊक असते, म्हणून आम्ही ती थोडक्यात सांगू. १६ ऑक्टोबरला टॉमी स्मिथने २०० मीटर १९.८३ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला. ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन दुसरा, अमेरिकेचाच जॉन कार्लोस तिसरा. राष्ट्रगीत सुरू होताच स्मिथ आणि कार्लोस यांनी काळ्या हातमोज्यात आवळलेली मूठ उंच केली. पायांत बूट नव्हते, नुसते काळे मोजे. ती काळ्या लोकांच्या गरिबीची खूण. हातमोज्यांची एकच जोडी होती, ती वाटून घ्या असे सुचविणारा गोरा नॉर्मनच. त्याने छातीवर त्यांच्या चळवळीचा बिल्लाही लावला. छायाचित्रात एक बारीक गोष्ट आहे, तिकडे आमचे लक्ष नेहमी जाते. कार्लोसच्या अंगावरचे जाकीट उघडे आहे. समारंभाच्या शिस्तीत ते बसत नव्हते. त्याने पुढे सांगितले की न्यूयॉर्कच्या आपल्या वस्तीतील कष्टकऱ्यांसाठी, काळ्या आणि गोऱ्या दोन्ही, आपण ते उघडे ठेवले होते.

ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष ॲव्हरी ब्रंडेज संतापले. १९३६ साली बर्लिनमध्ये खेळाडूंनी हिटलरी सलामी दिली तेव्हा हेच गृहस्थ अमेरिकन ऑलिंपिक समितीचे प्रमुख होते आणि तेव्हा त्यांना राजकारण दिसले नव्हते. आता मात्र त्यांच्या समितीने साऱ्या अमेरिकन धावपटूंना बाहेर काढण्याची धमकी दिली, आणि स्मिथ-कार्लोस यांना घरी धाडण्यात आले. त्यांची पदके काढून घेतली असे लोक सांगतात. ते खरे नाही. पदके राहिली, पोट भरण्याचे वांधे झाले. हे तिघे हौशी खेळाडू. हौशी म्हणजे पगार नाही, करार नाही, दाद मागण्यास जागा नाही. स्टेडियमची तिकिटे खपत होती, प्रक्षेपणाचे हक्क विकले जात होते, आणि धावणारा तेवढा निष्काम कर्मयोगी असावा अशी अपेक्षा! नॉर्मनची त्या दिवशीची २०.०६ सेकंदांची वेळ ऑस्ट्रेलियाचा विक्रम म्हणून २०२४ पर्यंत टिकली. तो २००६ साली वारला तेव्हा स्मिथ आणि कार्लोस समुद्र ओलांडून गेले व त्यांनी त्याच्या शवपेटीला खांदा दिला. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने त्याची माफी मागितली ती २०१२ साली.

कॅपर्निकजवळ या तिघांजवळ नव्हती अशी एक गोष्ट होती: सामुदायिक करार. २०१७ च्या मार्चमध्ये तो आपल्या करारातून मोकळा झाला आणि ३२ संघांपैकी एकानेही त्याला घेतले नाही. त्याच्याहून कमी कसबाचे खेळाडू घेतले गेले. त्याने घटनेचा आधार घेतला नाही. घेऊन उपयोगच नव्हता. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याने करारातील एका कलमाखाली तक्रार गुदरली. ते कलम सांगते की मालकांनी आपापसांत संगनमत करून एखाद्या खेळाडूला काम नाकारता कामा नये.

असल्या कलमाचा जन्म बेसबॉलमध्ये झाला आणि तो ऐकण्याजोगा आहे. १९६६ साली लॉस एंजेलिसच्या दोन नामवंत गोलंदाजांनी, कोफॅक्स व ड्रायस्डेल यांनी, जोडीने अडून बसून पगार वाढवून घेतला. मालक घाबरले. खेळाडूंनी असे जोडीने बोलणी करू नयेत अशी अट करारात पाहिजे, असा त्यांनी पुढे आग्रह धरला. खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख होता मार्व्हिन मिलर, पोलाद कामगारांच्या युनियनमध्ये मुरलेला माणूस. तो म्हणाला, ठीक आहे, पण तीच अट मालकांनाही लावा. १९७६ च्या करारात ती दोघांनाही लागली. मालकांनी त्या वेळी बहुधा हसून सही केली असेल. पुढे १९८० नंतरच्या दशकात त्याच मालकांनी संगनमताने खेळाडूंचे भाव पाडले, आणि १९९० साली त्यांना २८ कोटी डॉलर भरावे लागले. मालकाने आपल्यासाठी खणलेल्या खड्ड्याला दोन तोंडे ठेवून घेणे हे आमच्या धंद्यातले मोठे कौशल्य आहे, आणि मिलर त्यात वस्ताद होता.

कॅपर्निकची तक्रार चालू असता लीगने ती निकालात काढण्याची विनंती केली. २०१८ च्या ऑगस्टात लवादाने ती फेटाळली, म्हणजे पुढे चौकशी करण्याजोगे काहीतरी आहे असे मानले. १५ फेब्रुवारी २०१९ रोजी तडजोड झाली. किती पैसे दिले ते गुप्त ठेवण्याचे ठरले. लीगच्या सामन्यात तो पुन्हा खेळला नाही.

मधल्या काळात खुद्द अध्यक्ष ट्रम्प यांनी २२ सप्टेंबर २०१७ रोजी अलाबामातील एका सभेत, ध्वजाचा अनादर करणाऱ्यांना मालकांनी शिवी हासडून हाकलून द्यावे, असे सांगितले. ज्या सरकारचा हात घटनेने धरला आहे ते सरकार मालकाच्या हाताने काम करून घेऊ पाहत होते, असे आम्हाला वाटते. त्या रविवारी दोनशेहून अधिक खेळाडू बसले किंवा गुडघ्यावर टेकले. एका माणसाला घरी बसविणे सोपे. दोनशेंना बसविले तर सामना कोण खेळणार? २३ मे २०१८ रोजी मालकांनी युनियनला न विचारता नियम केला, की मैदानावर असेल त्याने उभे राहिलेच पाहिजे, नाहीतर संघाला दंड. युनियनने जुलैत तक्रार दाखल केली. थोड्याच दिवसांत दोन्ही बाजूंनी मिळून तो नियम स्थगित ठेवला आणि तो कधीच अमलात आला नाही. २०२० साली मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेल्यावर लीगच्या आयुक्तांनी जाहीर केले की खेळाडूंचे आधी ऐकले नाही ही आमची चूक झाली. त्या निवेदनात कॅपर्निकचे नाव नव्हते.

या साऱ्या गोंधळात एक प्रसंग मागे पडतो, कारण त्यातल्या खेळाडू बायका होत्या आणि त्यांचे पगार पुरुषांच्या मानाने किरकोळ होते. ९ जुलै २०१६ रोजी, कॅस्टिलच्या मृत्यूनंतर तीनच दिवसांनी, मिनेसोटाच्या महिला बास्केटबॉल संघाने सरावाच्या वेळी काळे सदरे घातले. पाठीवर दोन्ही मृतांची नावे होती आणि त्याच आठवड्यात डॅलसमध्ये मारल्या गेलेल्या पोलिसांसाठी तेथील पोलीसदलाचे चिन्हही होते. त्या मैदानावर जादा कामासाठी नेमलेले चार पोलीस रागावून काम सोडून निघून गेले. आम्ही त्या चौघांनाही दोष देत नाही. न पटणारे काम टाकून जाणे हेही बोलणेच आहे. त्यानंतर न्यूयॉर्क, इंडियाना आणि फिनिक्स येथील संघांनी साधे काळे सदरे घातले, त्यांवर अक्षरसुद्धा नव्हते. लीगने गणवेशाच्या नियमावर बोट ठेवून प्रत्येक संघाला ५,००० आणि प्रत्येक खेळाडूला ५०० डॉलर दंड केला. गणवेशाचा नियम आमच्या ओळखीचा आहे. फितीच्या वेळीही तो निघाला होता. सामना संपल्यावर पत्रकारांशी खेळाविषयी बोलणे हा या खेळाडूंच्या कामाचाच भाग. २१ जुलैला न्यूयॉर्क आणि इंडियानाच्या खेळाडूंनी पत्रकारांना सांगून टाकले की खेळाविषयी आम्ही एक शब्दही बोलणार नाही, पोलीस आणि काळ्यांचे जीव याविषयी विचारा. दोन दिवसांत लीगने दंड मागे घेतला. राष्ट्रगीताच्या वेळी बाकावर बसलेला कॅपर्निक पत्रकारांच्या नजरेस पडला तो त्यानंतर महिन्याभराने.